बटण दाबलं की वाजतं म्हणे!

"बटण दाबलं की वाजतं, त्यात कायचं आलं संगीत?" हे वाक्य मी गेली वीसेक वर्षं ऐकतोय. घरच्या लग्नात ऐकलंय, दिवाळीच्या फराळावर ऐकलंय, आणि एकदा तर पुण्यात एका जाणकार गृहस्थांकडून ऐकलंय. त्यांच्या मागे टेबलावर त्या वेळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू होता. रियाज मध्येच थांबवून ते मला समजावत होते की यंत्रात आत्मा नसतो. तानपुरा बिचारा आपला वाजत होता. :)

हा लेख भांडणाचा आहे हे आधीच सांगून टाकतो. घरच्यांपैकी जे हे वाचतात त्यांनी (विशेषतः काकाजींनी, जे "मी असलं काही वाचत नाही" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतात) जरूर फोन करावा. मी घरीच आहे. यवतमाळात मे महिन्यात दुपारी माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे!

निमित्त एका अल्बमचं आहे. 'रिअलाइझ' हे त्याचं नाव. २००१ साली अमेरिकेतल्या सिक्स डिग्रीज या कंपनीने तो काढला. कलाकाराचं नाव कर्ष काळे. इंग्रजी स्पेलिंगवरून लोक त्या आडनावाचं काहीही करतात, कुणी 'केल' म्हणतं, कुणी 'काले'. पण मंडळी, हे आपले काळे आहेत. मूळ नाव उत्कर्ष. महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या आईवडिलांच्या पोटी १९७४ साली इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचला जन्म, आणि लहानपण गेलं न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर. तबला वाजवतो, ड्रम वाजवतो, गिटार आणि कीबोर्डही हाताळतो. आपल्याकडे अमेरिकेतल्या कुणा देशपांड्यांच्या मुलीने शाळेत भाषणाचं बक्षीस मिळवलं तरी पेपरात फोटो येतो. हा माणूस झाकीर हुसेन आणि बिल लाझवेल यांच्याबरोबर 'तबला बीट सायन्स'मध्ये वाजवून आला. २००७ मध्ये त्याने अनुष्का शंकरबरोबर 'ब्रीदिंग अंडर वॉटर' केला, त्यात स्टिंग आणि नोरा जोन्स गायलेत, खुद्द रविशंकरांची सतार आहे. २०१० च्या 'कार्तिक कॉलिंग कार्तिक'चं पार्श्वसंगीत त्याने मिडिव्हल पंडित्झबरोबर केलं, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी त्याला नकळत ऐकलेलंही आहे. पण आमच्या घरात, नातेवाइकांत, ओळखीच्या सगळ्या गाणंवेड्या लोकांत मिळून हे नाव माहीत असणारे मी तीन मोजले. त्यातला एक मी.

का बरं? परदेशात राहिला म्हणून म्हणावं, तर परदेशी मराठी माणसाचं आपल्याला केवढं कौतुक. मला वाटतं तो कुठल्या खान्यात ठेवायचा हेच आपल्याला कळत नाही. शास्त्रीय म्हणावं तर मागे सिंथेसायझर आहे. पॉप म्हणावं तर गाण्याला धड मुखडा-अंतरा नाही. नाचावं म्हटलं तर मधेच लय विरघळून जाते. मग आपण आपला हुकमाचा शब्द काढतो, 'फ्युजन', आणि तो उच्चारताना नाक असं करतो की जणू डब्यातल्या भाजीला वास येतोय.

हे संगीत कसं असतं, ते न ऐकलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गिटार असते, पण ती सिनेमातल्या हिरोसारखी पुढे येऊन तान मारत नाही. एकदोन स्वर छेडते आणि सोडून देते, ते स्वर लांबवर पसरत, विरत जातात. त्याखाली सिंथेसायझरचा एक जाड थर, तानपुऱ्यासारखा, सतत. आणि त्यात यंत्रावर बांधलेले ठेके. काळेंच्या बाबतीत या सगळ्यात तबला शिरतो, आणि तो तबलाही ते इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून फिरवून आणतात, त्यामुळे बायाँची घुमक कधीकधी विहिरीतून आल्यासारखी वाटते. 'रिअलाइझ' हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत शांत आहे असं मी म्हणणार नाही, मधेमधे लय चांगलीच धावते. पण तो ऐकून उठल्यावर डोक्यात गाणं राहत नाही, हवा राहते. पाऊस पडून गेल्यावर अंगणात राहते तशी.

आता विदर्भातल्या माणसाला हे अवघड का जावं? एप्रिल ते जून आपण चोवीस तास कूलरच्या आवाजात राहतो. पारा ४४-४५ ला टेकलेला, खिडकीत वाळ्याच्या ताट्या नाहीतर हल्लीची ती कागदी जाळी, आणि पंख्याची एकसुरी घरघर, त्यात पंपाच्या पाण्याचा टपटप ठेका. त्या आवाजाशिवाय आपल्याला झोप येत नाही. वीज गेली की आपण आधी उकाड्याने जागे होत नाही, शांततेने जागे होतो. षड्ज म्हणजे काय ते आम्हाला कूलरने शिकवलंय असं मी एकदा म्हणालो तर आमच्या संगीत विशारद वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण खरं आहे ते.

ब्रायन एनो नावाच्या इंग्रज संगीतकाराला १९७५ मध्ये अपघात झाला आणि तो अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची एक जुनी रेकॉर्ड लावून दिली आणि ती निघून गेली. आवाज फारच बारीक होता, उठून वाढवायची ताकद नव्हती, आणि बाहेर पाऊस. पावसाच्या आवाजात बुडालेले हार्पचे स्वर ऐकत तो पडून राहिला. त्यातून त्याला सुचलं की संगीत खोलीचा भाग होऊ शकतं, उजेडासारखं. १९७८ मध्ये त्याने 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' काढला आणि या प्रकाराला ॲम्बियंट, म्हणजे भोवतालचं, हे नाव दिलं. "बघा, म्हणजे इंग्रजांचंच!" असं काकाजी इथे म्हणणार. थांबा. एनोच्या आधी अमेरिकेत एकच स्वर तासन्‌तास धरून ठेवण्याचे प्रयोग करणारी मंडळी होती, ला माँट यंग आणि टेरी रायली. हे दोघेही १९७० पासून शिष्य कुणाचे? पंडित प्राणनाथांचे. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, घराणं किराणा. म्हणजे आपल्या मिरजेत राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं घराणं, सवाई गंधर्वांचं, भीमसेनजींचं घराणं. एकेका स्वरावर ठाण मांडून बसायचं, त्याच्या आत शिरायचं, हे या अमेरिकन लोकांनी तानपुऱ्याच्या पायाशी बसून गिरवलं. ज्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटले, तोच तानपुरा.

आणि गिटारचं म्हणाल तर काकाजी, तुमच्याच कपाटात 'कॉल ऑफ द व्हॅली'ची तबकडी होती. १९६७ ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस, एकही शब्द न गाता. हातात गिटार, समोर डोंगर, आणि घाई अजिबात नाही. ती तुम्ही रविवारी सकाळी लावायचा आणि पेपर वाचायचा. तेव्हा कुणी म्हणालं नाही की "हे कायचं संगीत, वाजतंय आणि तुम्ही तर पेपर वाचताय."

यंत्राबद्दलचा आपला सोवळेपणा तर इतका सोयीचा आहे की हसू येतं. पेटीचं बघा. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या दबाँ नावाच्या माणसाने १८४२ मध्ये घेतलं. आपल्याकडे आली तेव्हा ती परकी, मिंड न काढू शकणारी, बेसूर ठरली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ उजाडलं. आज एकही भजनी मंडळ दाखवा ज्याच्याकडे पेटी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आमच्याकडे गावोगाव म्हटली जातात, खंजिरी असते आणि शेजारी पेटी असते. पेटीला परकी म्हणणारा माणूस आज यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही.

बरं, पेटीत वीज नाही म्हणाल. 'नागिन'चं घ्या. १९५४ चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन कुणी वाजवली माहीत आहे? कल्याणजींनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी मधले कल्याणजी. आणि वाजवली कशावर? क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर, जोडीला रवींची पेटी. पुंगी, गारुडी, भोपळा काही नाही. सरळसरळ इलेक्ट्रॉनिक वाद्य. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं कुठल्याही वरातीत दत्त चौक आला की बँडवाला ती धून घेतो, कुणीतरी मामा तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतो, दुसरा नाग होतो. सत्तर वर्षं झाली, अख्खा महाराष्ट्र एका इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या धूनवर फणा काढतोय, आणि म्हणतो यंत्रात आत्मा नाही!

इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंगळूरच्या राजनारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीला आणला आणि आता तो मोबाईलमध्ये आला. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी, घुंगरू, शंख, सगळं त्या आठ चौकोनांच्या ऑक्टोपॅडमधून निघतं. कुणाची तक्रार नाही.

तर या सगळ्या यादीत काय सारखं आहे ते बघा. ही सगळी यंत्रं दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घेऊन आलेली आहेत. क्लॅव्हिओलिन पुंगी झालं, ऑक्टोपॅड ढोलकी झाला, पेटीतली चिप तानपुरा झाली. सोंग घेतलं की यंत्र चालतं. आणि दुसरं चालतं ते ओरडणारं यंत्र, ज्याला आपण डीजे म्हणतो, त्याच्यावर पुढे येतोच. म्हणजे आपल्याला यंत्राचं वावडं अजिबात नाही. यंत्र यंत्राच्या आवाजात बोललं आणि तेही हळू बोललं, की मात्र आपण म्हणतो, हे संगीत नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

सोंगाचं काय होतं याची एक मजेदार गोष्ट सांगतो. रोलंड या जपानी कंपनीने १९८० च्या सुमारास दोन यंत्रं काढली. एक टीआर-८०८, ड्रमरच्या बदली. दुसरं टीबी-३०३, बास गिटारवाल्याच्या बदली. सोंग इतकं वाईट जमलं की ड्रम ड्रमसारखा वाटेना आणि बास बाससारखा. दोन्ही काही वर्षांत बंद पडली, गिऱ्हाइकांनी जुन्या बाजारात विकली. मग तीच स्वस्तात घेऊन शिकागोच्या पोरांनी त्यांचा जो काही स्वतःचा विचित्र, चिरकता, पाणथळ आवाज होता तोच वापरला, आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' आला. त्यातून एक अख्खी संगीतपरंपरा उभी राहिली. पण त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या माणसाने हीच दोन यंत्रं आणि एक ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा राग वाजवले होते. भैरव, ललित, तोडी, मालकंस... मागे डिस्कोचा ठेका. हे सिंग सिनेमाच्या स्टुडिओत गिटार, बास वाजवणारे वादक. एचएमव्हीने तबकडी काढली आणि कुणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मध्ये एका डच माणसाने ती पुन्हा काढली तेव्हा जग थक्क झालं, म्हातारपणी सिंगसाहेब युरोपात कार्यक्रम करत फिरले, आणि २०१५ मध्ये गेले. म्हणजे आपल्याकडे झालेली गोष्ट आपल्याला ॲमस्टरडॅमहून कळली. अठ्ठावीस वर्षांनी!

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आमचा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. (नाव लिहू नको म्हणाला, मित्र चिडवतात.) गिटार स्वतःच शिकला. गेल्या हिवाळ्यात त्याने जुन्या लॅपटॉपवर सात तुकड्यांचा एक अल्बम केला, अडतीस मिनिटांचा. त्यातला एक तुकडा असा आहे. आर्णी रोडकडच्या एका जिनिंगमध्ये ओळखीने जाऊन त्याने डबल रोलर जिनचा आवाज टेप केला. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगतो, सीझनमध्ये अशी यंत्रांची रांगच्या रांग चालते, सरकी खाली पडत असते, रुई पुढे जात असते, आणि प्रत्येक यंत्राचा खटका दुसऱ्यापेक्षा किंचित मागेपुढे असतो. दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तर त्यात आपोआप ठेके ऐकू यायला लागतात, कधी तीनाचा, कधी चाराचा. भाच्याने तो आवाज बारीक केला, त्यातला एक खटका उचलून त्याचा सिंथेसायझरवर ठेका बांधला, आणि वर गिटारचे चार स्वर. चारच. ते येतात, जातात. शेवटी यंत्रं बंद होतात, ती एकदम बंद होत नाहीत, पट्टे फिरत राहतात, आवाज खाली खाली उतरत जातो, आणि गिटारही त्याच्याबरोबर उतरते. मी सख्खा मामा आहे, तेव्हा माझं मत बाजूला ठेवा. पण त्या उतरण्याशी माझ्या अंगावर काटा आला होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्याने तो घरच्यांना ऐकवला. पहिली दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत होते. मग काकाजी, ज्यांची तीस वर्षं जिनिंगच्या हिशेबाच्या गादीवर गेली, एकदम सावरून बसले. "अबे, हे तं जिनिंग होय! डबल रोलर!" डोळे मिटून त्यांनी पुढची तीन मिनिटं ऐकलं. मी बघत होतो, बोटं मांडीवर चालली होती. संपल्यावर म्हणाले, "बराबर धरलं बापू तुनं. पन हे गानं नोहे. आवाज होय तो." आणि मग ते वाक्य. बटण. आत्मा. पोरगा काही बोलला नाही, लॅपटॉप मिटून आत गेला.

काकाजी, बोटं कुणाची चालली होती?

तुम्ही म्हणाल त्यात शब्द नाहीत. आपल्याकडच्या सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. मराठी माणूस भावगीतावर वाढला, नाट्यपदावर वाढला, अभंगावर वाढला. शब्द हा देव आणि चाल ही पालखी. देव नसलेली पालखी दिसली की आपण विचारतो, ही रिकामी घेऊन कुठे निघालात? पण आलापात कुठला शब्द असतो? तराण्यात? सनईवर मंगल सकाळी जे वाजतं त्याचा अर्थ आजवर कुणी विचारला का? वीस मिनिटं नुसतं 'आ' ऐकून आपण तृप्त होऊन उठतो, तिथे अर्थ लागत नाही, गिटार आली की लागतो.

"कुणीही करील" हा दुसरा आक्षेप. यावर मी एवढंच म्हणेन की करून बघा. चार स्वर निवडायचे म्हणजे बाकीचे सोडायचे असतात, आणि कुठे सोडायचं हे पोरगं तीन महिने रात्री जागून ठरवत होतं. हां, एक गोष्ट मान्य. या जातीचं बरंचसं संगीत रद्दी असतं. ध्यानधारणेच्या, मालिशच्या, 'झोप येण्यासाठी दहा तास' वगैरे नावांनी जे ओतलं जातं त्यातलं बहुतेक म्हणजे कानाला लावलेला वॉलपेपर. त्याची बाजू मी घेणार नाही. पण वाईट गझल असते म्हणून गझल वाईट ठरते का?

आणि गंमत अशी की आता खरंच बटण दाबलं की वाजतं. २०२३-२४ पासून सुनोसारखी साधनं आली आहेत. 'शांत गिटार, हळू ठेका, पावसाळी संध्याकाळ' असं टाइप करा, मिनिटाभरात तयार. हे माणसाने केलेलं नाही, आणि ऐकायच्या ॲपांवर ते पोत्याने येऊन पडतंय. आता मला सांगा, ज्या लोकांनी वीस वर्षं सगळ्याच इलेक्ट्रॉनिक संगीताला एकाच काठीने हाणलं, त्यांना भाच्याचा जिनिंगचा तुकडा आणि हा मिनिटात झालेला माल यातला फरक ओळखता येईल का? नाही येणार, कारण त्यांनी कान तयारच केला नाही. त्यांना दोन्ही 'बटण' वाटणार. उद्या पोरगं म्हणेल, तीन महिने कशाला जागू, तुम्हाला कुठे कळतंय!

आता डीजे. यवतमाळचा दुर्गोत्सव आख्ख्या विदर्भात नावाजलेला. कोलकात्यानंतर आपणच, असं आपण छाती फुगवून सांगतो. देखावे बघायला नागपूर-अमरावतीहून लोक येतात, आणि ते खरोखर बघण्यासारखे असतात. आणि मिरवणुकीत? ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. खिडक्यांची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे ते दारं लावून कानात बोळे घालून बसतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद. नियम कागदावर छान आहेत. पण माझा मुद्दा कायद्याचा नाही. ही जी भिंत ट्रकवर असते ती शंभर टक्के यंत्र आहे. एक पोरगं, एक लॅपटॉप, बटण दाबलं की वाजतं! तिथे वर्गणी देताना, पुढे नाचताना कुणाला आत्म्याची आठवण होत नाही. आमच्या भाच्याला गेल्या नवरात्रात तीन ठिकाणांहून विचारणा झाली, डीजेवर बसतो का म्हणून. पैसे बरे होते. त्याच्या अडतीस मिनिटांसाठी एकही खुर्ची मांडायला कुणी तयार नाही. म्हणजे या गावात यंत्रावर हात बसलेल्या मुलाला दोनच रस्ते आहेत, ट्रकवर चढायचं नाहीतर पुण्याची बस पकडायची. आणि पुण्याला गेला की आपण म्हणणार, आजकालची पोरं गावात राहत नाहीत.

"आपलं नाही ते" हा शेवटचा आक्षेप. या शब्दाची मला यवतमाळात राहून थोडी धास्तीच आहे. जानेवारी २०१९ मध्ये आपल्याकडे ९२ वं साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं, मग इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला म्हणून विरोधाच्या धमक्या आल्या आणि आमंत्रण मागे घेतलं गेलं. पुढे जे झालं ते झालं, उद्घाटन वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने केलं आणि त्या फार चांगल्या बोलल्या. पण आपलं-परकं ठरवताना आपण किती पटकन दार लावतो ते सगळ्या देशाने बघितलं. जिनिंगचा आवाज आपला नाही? या जिल्ह्याचं पोट ज्या पांढऱ्या सोन्यावर आहे म्हणतात, त्या कापसाचा आवाज? शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाची आठवण काढून जुनी माणसं हळवी होतात, १९२१ चं मँचेस्टरमध्ये बनलेलं इंजिन होतं ते, १९९४ पर्यंत चाललं. तिचा तो धापा टाकणारा ठेका आपला झाला, कारण तो सत्तर वर्षं कानावर पडला. भाच्याचे आपण पाच मिनिटं ऐकायला तयार नाही.

असो. नुसतं भांडून मी थांबणार नाही. यंदाच्या दुर्गोत्सवाच्या बैठकीत मी एक प्रस्ताव घेऊन जाणार आहे. नऊ रात्रींतली एक संध्याकाळ, आरतीनंतर तासभर. ट्रक नाही, दोन साधे स्पीकर, आवाज ५५ च्या खाली. भाचा त्याचे सात तुकडे लावेल, गिटार समोर बसून वाजवेल. त्याच्या आधी 'कॉल ऑफ द व्हॅली'ची एक बाजू आणि काळेंचे दोन तुकडे. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं, ज्याला गप्पा मारायच्या त्याने हळू माराव्यात, या संगीताला त्याचं काही वाटत नाही. खुर्च्यांचा खर्च मी देतो. मंडळाचे जे दोन-तीन सदस्य हे वाचतात त्यांनी बैठकीच्या आधीच बोलून घ्यावं, म्हणजे तिथे नवीन काही ऐकल्यासारखा चेहरा करावा लागणार नाही. काकाजी मंडळाचे माजी अध्यक्ष आहेत, त्यांचं मत अजून चालतं. तबकडी त्यांच्याच कपाटात आहे, ती त्यांनी शोधून ठेवावी. सुई बदलायला टाकलीय, सोमवारी मिळेल.